ऑप्शनल डिपेंडन्सी: नुसतं ‘असेल तर घे’ का पुरत नाही?

सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर बिल्ड करताना इतर लायब्ररी लागतात. काहींशिवाय बिल्डच होत नाही. काही मात्र ऑप्शनल असतात: मिळाल्या तर एक जास्तीची सोय मिळते, नाहीतर प्रोग्रॅम तिच्याशिवाय चालतो. समजा, आपण फोटो दाखवणारा प्रोग्रॅम लिहितोय. वेबपी फोटोंसाठी लिबवेबपी लायब्ररी हवी. ती नसली तरी जेपेग फोटो दिसतीलच.

हे बिल्ड सिस्टीमला सांगायचं कसं? सगळ्यात आधी सुचतं ते ‘असेल तर घे’. सीमेकमध्ये ‘फाइंड पॅकेज’ लिहायचं आणि पुढे ‘रिक्वायर्ड’ लिहायचं नाही. मग लायब्ररी सापडली नाही तरी काम थांबत नाही.

अडचण नेमकी इथे आहे. माझ्या लॅपटॉपवर लिबवेबपी आधीपासून आहे, तुमच्या सर्व्हरवर नाही. बिल्ड दोन्हीकडे यशस्वी, एरर कुठेच नाही, पण तयार झालेले प्रोग्रॅम वेगळे! वेबपीच्या जागी एन्क्रिप्शनची लायब्ररी असती तर? उलटंही होतं. एखादी लायब्ररी केवळ मशीनवर होती म्हणून जोडली जाते आणि तो प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर नेला की सुरूच होत नाही. जेंटू लिनक्सवाले अशा डिपेंडन्सीला ‘ऑटोमॅजिक’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही.

मला यावर मेसनचा उपाय सर्वात सुटसुटीत वाटतो. त्यात ‘फीचर’ प्रकारचा पर्याय असतो. त्याच्या तीन किमती:

• एनेबल्ड: लायब्ररी हवीच. नसेल तर तिथेच एरर देऊन थांब.
• डिसेबल्ड: नको. मशीनवर असली तरी शोधूच नकोस.
• ऑटो: असेल तर घे, नसेल तर पुढे जा.

हा पर्याय ‘डिपेंडन्सी’ फंक्शनच्या ‘रिक्वायर्ड’ला दिला की झालं, वेगळ्या अटी लिहाव्या लागत नाहीत. घरी प्रयोग करणाऱ्याला ‘ऑटो’ सोयीचं. पॅकेज बनवणाऱ्याला मात्र नक्की काय आत गेलं ते माहीत हवं. त्यासाठी मेसनमध्ये ‘ऑटो फीचर्स’ ही सेटिंग आहे. ती ‘एनेबल्ड’ केली की ‘ऑटो’वर असलेले सगळे पर्याय एका फटक्यात सक्तीचे होतात.

सीमेकमध्येही हे जमतं: आधी ‘ऑप्शन’ने चालू-बंदचा पर्याय द्यायचा आणि तो चालू असेल तरच ‘रिक्वायर्ड’सह लायब्ररी शोधायची.

शेवटी एक सवय लावून घ्या. कॉन्फिगर संपताना काय घेतलं, काय वगळलं याची यादी छापा. मेसनमध्ये त्यासाठी ‘समरी’ फंक्शन आहे. वापरणाऱ्याने एखादी सोय नाकारली तर हरकत नाही, पण ती त्याला न कळता गायब होऊ नये, एवढंच.