'बँक', 'बेंच' आणि 'बाक' : शब्दाचे मूळ व शब्दाचे एकत्व

इंग्रजी कोशांत 'बँक' हे रूप एकाहून अधिक स्वतंत्र नोंदींत आढळते. एका नोंदीत नदीचा काठ, जमिनीचा उतार, वाळूचा उंचवटा हे अर्थ असतात. दुसरीत पैशाची देवघेव करणारी संस्था. तिसरीत वल्ह्यांची वा वाद्याच्या पट्ट्यांची रांग. अर्थांमधील हे अंतर पाहता, मुळात भिन्न असलेले तीन शब्द योगायोगाने समरूप झाले असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. आणि त्यामुळेच, शब्दाचे एकत्व कोणत्या प्रमाणावर ठरवावे, हा कोशकारापुढील प्रश्न अधिक बिकट होतो.

ह्या तिन्ही शब्दांच्या मुळाशी लांबट आसन वा फळी ह्या अर्थाचा एकच जर्मानिक शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत त्याच्या 'अ'काराचा पुढील 'इ'काराच्या प्रभावाने 'ए'कार झाला, अंत्य 'क'चे तालव्यीकरण झाले व त्यातून आजचा 'बेंच' सिद्ध झाला. आसनासारखा वर आलेला जमिनीचा भाग, ह्या कल्पनेतून काठाचा अर्थ निघाला. त्या अर्थाचा 'बँक' मध्ययुगात स्कँडिनेव्हियन भाषांकडून इंग्रजीत आला असावा. तिसरा मार्ग दूरचा आहे. हाच जर्मानिक शब्द फार पूर्वी रोमान्स भाषांत शिरला. इटलीतील नगरांत सराफ ज्या फळीवर नाणी मांडून बसत, तिला 'बांको' किंवा 'बांका' म्हणत. आसन, आसनापुढील मेज, मेजावरचा व्यवहार व अखेर व्यवहार करणारी संस्था, अशा पायऱ्यांनी अर्थ सरकला आणि पंधराव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. गलबतातील वल्हेकऱ्यांच्या फळीला फ्रेंचमध्ये 'बां' म्हणत; त्यावरून रांगेचा अर्थ आला. लहान फळी ह्या अर्थाच्या इटालियन 'बांकेत्तो'पासून मेजवानीवाचक 'बँक्वेट' आणि 'मोडलेली फळी' ह्या अर्थाच्या 'बांका रोत्ता'पासून दिवाळखोराचा वाचक 'बँकरप्ट' हे शब्द आले. ह्या शेवटच्या शब्दाचा उत्तरार्ध पुढे लॅटिन 'रुप्तुस'च्या धर्तीवर बदलला.

म्हणजे येथे मूळ एक आहे. तरी शब्द एक आहे काय? इतर युरोपीय भाषा ह्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देतात. फ्रेंचने रूपेच वेगळी केली: आसन ते 'बां' व आर्थिक संस्था ती 'बांक'. स्पॅनिशमध्ये 'बांको' हे एकच रूप दोन्ही अर्थ वाहते. जर्मनचा दाखला सर्वांत उद्बोधक आहे. तेथे एकवचनात 'बांक' हे रूप दोहोंना समान आहे. परंतु आसनांचे अनेकवचन 'बेंके' होते व संस्थांचे 'बांकेन'. मुळाचे ऐक्य असूनही जर्मन व्याकरण ह्यांना दोन शब्द मानते. व्युत्पत्ती शब्दाचा वंश सांगते. भाषेच्या चालू व्यवस्थेतील त्याचे स्थान ती ठरवीत नाही. वर्णनात्मक व ऐतिहासिक अभ्यास वेगळे ठेवले पाहिजेत, हा सोस्यूरच्या 1916 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथातील आग्रह येथे प्रत्यक्ष प्रत्ययास येतो.

मराठीत हे कुल तीन वाटांनी आले आहे. आर्थिक संस्था ह्या अर्थाचा 'बँक' इंग्रजीतून आला, शाळेतील 'बेंच'ही इंग्रजीतून आला, आणि 'बाक' मात्र पोर्तुगीज 'बांको'पासून, 'पगार' व 'चावी' ह्यांच्या सोबतीने आला. एकाच वर्गातील आसनाला कोणी 'बाक' म्हणतो, कोणी 'बेंच'. ते एकमेकांचे दूरचे आप्त आहेत, ह्याची जाणीव बोलणाऱ्यास नसते व तिची त्याला गरजही नसते. नदीकाठाचा अर्थ मराठीने घेतलाच नाही. उसना शब्द आपले सर्व अर्थ बरोबर आणत नाही. ज्या व्यवहारासाठी तो बोलावला जातो, तेवढाच अर्थ आत येतो.

ह्याच्या जोडीला मराठीत दुसरा 'बाक' आहे. 'काठीला बाक आला' ह्यातील हा शब्द संस्कृत 'वक्र'च्या, म्हणजे 'वाकडा'च्या कुळातील आहे. आसनवाचक 'बाक'शी त्याचा कोणताही वंशसंबंध नाही. ह्यास खरी समरूपता म्हणता येईल. इंग्रजीतील दोन 'बँक' मुळात एक असून आज वेगळे भासतात. मराठीतील दोन 'बाक' मुळातच वेगळे आहेत. आजच्या भाषकाच्या दृष्टीने मात्र दोहोंची स्थिती सारखीच.

आसनापासून संस्थेकडे जाणारा अर्थप्रवास केवळ युरोपचा नव्हे. सावकाराची 'गादी' ही आधी बैठक व मग व्यवसाय. 'पेढी' हा शब्द संस्कृत 'पीठा'शी जोडला जातो. शिकागो येथे 1937 साली सुरू झालेल्या रक्तसंग्रहास इंग्रजीत 'ब्लड बँक' हे नाव मिळाले, तेव्हा त्या नावात आर्थिक संस्थेचे रूपक होते. मराठीने त्यासाठी 'रक्तपेढी' हा शब्द योजला. न्यायाधीशांच्या 'बेंच'साठी 'खंडपीठ' आले. इंग्रजीत 'बँक' व 'बेंच' ह्यांचे जे नाते, तेच मराठीत 'पेढी' व 'पीठ' ह्यांचे. येथे शब्द उसना नाही, केवळ अर्थाची वाट समान आहे.

म्हणून कोशकाराने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. नोंद एक की दोन, हे आजच्या भाषेतील अर्थसंबंध, लिंग, वचन व समासप्रवृत्ती पाहून ठरवावे. मूळ एक की दोन, हे व्युत्पत्तीच्या कंसात सांगावे. दोन्ही 'बाक' एकाच नोंदीत घातले, तर वाचक नसलेले नाते कल्पील. आणि 'बँक', 'बेंच' व 'बाक' ह्यांच्या व्युत्पत्तींत परस्परांचा निर्देश नसेल, तर असलेले नाते त्याच्या दृष्टीआड होईल.