मूषकांचा हिशेब : तंजावरच्या भातशेतीतून घराच्या उंबरठ्यापर्यंत

गणरायाने ज्याला वाहनाचा मान दिला, त्या मूषकाला आपल्या संस्कृतीने देवघरात स्थान दिले खरे. परंतु धान्याच्या कोठीत तो शिरला की हाच मूषक गृहिणीच्या डोळ्यांत पाणी आणतो. ग्रामीण भागातील घर म्हटले की उंदीर, वाळवी, मुंग्या, डास आणि धान्यातील किडे हे न बोलावता आलेले पाहुणे आलेच. हे उपद्रव इतके नित्याचे असतात की त्यांच्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडत नाही. मात्र वर्षभराची बेगमी घरात साठवून त्यावर संसार चालविणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न किरकोळ नाही. तमिळनाडूतील तंजावर परिसरात या प्रश्नाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली गेली आहे, आणि तेथील अनुभव महाराष्ट्रातील भातउत्पादक भागांनाही मार्गदर्शक ठरावा असा आहे.

तंजावरचे नाव मराठी मनाला परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास येथे मराठी सत्तेचा पाया घातला आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याचा येथे संबंध राहिला. आजही तेथे दक्षिणी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. परंतु या भूमीची पहिली ओळख म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील अथांग भातशेती. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा परंपरागत दिवस १२ जून. त्यानंतर कुरुवै, सांबा आणि ताळडी अशा हंगामांतून येथे भात पिकतो. जेथे अन्न तेथे उंदीर, हा न्याय येथे अधिकच लागू पडतो.

उंदराचे जमाखर्चाचे पुस्तक

शत्रूशी सामना करावयाचा तर त्याची ताकद ओळखली पाहिजे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी त्याला सतत काही ना काही कुरतडावेच लागते. लाकूड, विजेच्या तारा, कपडे व कागद यांची नासाडी होते ती यामुळेच. मोठा उंदीर दररोज आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश इतके अन्न खातो. अडीचशे ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसाला पंचवीस ग्रॅम धान्य फस्त करतो असे धरले, तर वर्षाला नऊ किलो होतात. घरात व अंगणात मिळून असे दहा उंदीर असतील, तर एका कुटुंबाचे नव्वद किलो धान्य गेले! शिवाय तो जेवढे खातो त्याहून अधिक धान्य लेंड्या, मूत्र व केस यांनी खराब करतो, ते वेगळेच.

त्याच्या वंशवृद्धीचा वेग तर चक्रवाढ व्याजालाही लाजविणारा आहे. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. एका वेळी सहा ते आठ पिले होतात आणि ती पिले तीन महिन्यांच्या आसपास स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणूनच दोन उंदीर दिसले असता ‘दोनच तर आहेत’ असे म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे थकलेल्या कर्जाकडे दुर्लक्ष करण्यासारखे होय. दिवस लोटतात तसतशी ती रक्कम आवाक्याबाहेर जाते.

तंजावरच्या शेतांत प्रामुख्याने आढळते ती घुशीची एक लहान जात. ती बांधात खोलवर बिळे करते आणि पिकलेल्या लोंब्या कापून बिळातील कोठारात साठविते. कापणीनंतर भूमिहीन मजूर ही बिळे खणून त्यांतील भात बाहेर काढतात. गरिबाघरी तेवढ्याने काही दिवसांची चूल पेटते. उत्तर तमिळनाडूतील इरुळा समाज तर उंदीर व साप पकडण्याच्या कौशल्यासाठीच ओळखला जातो. मातीच्या मडक्यात पेंढा पेटवून, तोंडाने फुंकर घालून बिळात धूर सोडण्याची त्यांची जुनी पद्धत होती. तीत हात भाजत आणि धुराने छातीचे विकार जडत. हाताने फिरवावयाच्या पंख्याचे पोलादी यंत्र तयार करून हा त्रास दूर करणाऱ्या प्रकल्पाला २००३ मध्ये जागतिक बँकेच्या एका स्पर्धेत पुरस्कार लाभला. साध्या साधनातील छोटीशी सुधारणा माणसाचे आरोग्य आणि उत्पन्न दोन्ही वाढवू शकते, याचे हे सुंदर उदाहरण होय.

बांबूचा सापळा आणि रात्रीचा पहारेकरी

तंजावरच्या शेतकऱ्यांचे स्वतःचे अस्त्र म्हणजे ‘किट्टी’. तमिळ भाषेत ‘एलि’ म्हणजे उंदीर. ‘एलि-किट्टी’ हा उंदीर पकडण्याचा बांबूचा सापळा. बांबूची चिवट कांब वाकवून धनुष्यासारखा ताण दिलेला असतो. उंदराने आमिष ओढले की ताण सुटतो व उंदीर क्षणात आवळला जातो. कृषितज्ज्ञांच्या शिफारशींमध्येही हा सापळा ‘तंजावर किट्टी’ याच नावाने स्थान मिळवून बसला आहे. सापळे लावण्यात वाकबगार असलेली माणसे संध्याकाळी ते बांधावर मांडतात आणि पहाटे गोळा करतात. विष नाही, वीज नाही, पिकाला वा पाण्याला धोका नाही आणि गावातील कारागिराला रोजगार, असे या सापळ्याचे चौपदरी लाभ आहेत.

दुसरा साहाय्यक म्हणजे गव्हाणी घुबड. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानून हाकलले जाते. वस्तुतः ते शेतकऱ्याचे बिनपगारी पहारेकरी आहे. एका रात्रीत ते एकाहून अधिक उंदीर टिपते. त्याला बसण्यासाठी शेतात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे उंच मचाण रोवण्याची पद्धत तंजावर भागात रूढ आहे. मात्र दाणे भरू लागले की ही मचाणे काढून घ्यावी लागतात, नाहीतर दाणे टिपणाऱ्या पाखरांची सोय होते. धामण या बिनविषारी सापाविषयीही हेच सांगता येईल. धामण मारणे म्हणजे आपल्याच कोठाराचा राखणदार मारणे.

वेळ साधण्याचे महत्त्व

या सर्व उपायांहून मोठा धडा आहे तो वेळेचा. पीक उभे असताना आणि दाणे भरताना उंदरांना अन्नाची ददात नसते. त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि त्या वेळी आमिषाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. उलट कापणीनंतर शेते मोकळी झाली की उंदीर बांध, कालव्यांचे काठ आणि पेंढ्याच्या गंजी यांच्या आश्रयाला जातात व तेथून घरात शिरतात. ईशान्य मोसमी पावसात बिळांत पाणी भरल्यावरही तसेच घडते. थोडक्यात, घरातील उंदीर हा पुष्कळदा शेतातून आलेला निर्वासित असतो. म्हणून मशागतीच्या वेळी, लागवडीपूर्वीच, मोहीम हाती घेणे श्रेयस्कर. बांध अरुंद ठेवले व त्यांवरील गवत काढले तर बिळांना जागाच उरत नाही. संध्याकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बंद करावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच वापरातील बिळे समजावीत.

वेळेइतकेच महत्त्व आहे एकजुटीला. एकाच शेतकऱ्याने आपल्या शेतातील वा घरातील उंदीर मारले, तर रिकामी झालेली जागा शेजारचे उंदीर भरून काढतात. येथे तंजावरच्याच एका ग्रंथाची आठवण होते. विद्याव्यासंगी सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरात देवनागरी छापखाना सुरू केला आणि १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथे छापले गेले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा ठराव करणाऱ्या उंदरांची इसापची कथा सर्वश्रुत आहे. ठराव झाला, पण घंटा बांधायला कोणी पुढे आले नाही! उंदीर नियंत्रणाच्या बाबतीत माणसांच्या सभेचीही पुष्कळदा हीच गत होते. ग्रामसभा, पाणीवापर संस्था वा बचत गट यांनी एक आठवडा ठरवून संपूर्ण शिवारात व गावठाणात एकाच वेळी मोहीम राबविली, तरच तिचा परिणाम टिकतो.

घराची तटबंदी

घराच्या बाबतीत पहिला उपाय म्हणजे उंदराचे अन्न, निवारा व वाट बंद करणे. करंगळी शिरेल एवढी फटही लहान उंदराला पुरते. अशा फटी सिमेंटने बुजवाव्यात, दारांच्या तळाशी पत्र्याची पट्टी ठोकावी, मोरीला जाळी बसवावी, छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. पेंढा, सरपण व अडगळ घराच्या भिंतीपासून दूर रचावी. रात्री खरकटे व गुरांचे खाद्य उघडे ठेवू नये.

धान्याच्या साठवणुकीत तंजावरच्या जुन्या घरांतील ‘पत्तायम्’ ही भक्कम लाकडी कोठी आणि ‘कुदिर’ ही मातीची कणगी प्रसिद्ध होती. आपल्याकडील कणगी, बळद व पेव यांची ती भावंडेच. आज घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय. ती जमिनीपासून उंच व भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. धान्य नीट वाळवूनच भरावे, कारण ओलसर धान्यात किडे व बुरशी लवकर येतात. सोंडे किड्यांसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तयार केलेला सच्छिद्र नळीचा सापळा उपयुक्त आहे. तो धान्यात खोचला की भटकणारे किडे छिद्रांतून आत पडतात आणि प्रादुर्भाव वेळीच ध्यानात येतो.

कागद सांभाळण्याची कला तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाकडून शिकावी. तेथे ३,००० हून अधिक मराठी हस्तलिखिते जतन झाली आहेत. वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांसारख्या पदार्थांच्या पुरचुंड्या ठेवून किडींना दूर राखण्याची परंपरा तेथे आहे. घरातील सातबारा, खरेदीखत, विमापत्र हे कागदही भिंतीला टेकलेल्या लाकडी फळीवर न ठेवता धातूच्या पेटीत ठेवावेत. वाळवी भिंतीतूनच चढते.

विष : शेवटचा उपाय, पहिली जबाबदारी

उंदीर दिसला की दुकानातून विषाची पुडी आणण्याची घाई होते. येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. उंदीर नव्या वस्तूविषयी अत्यंत संशयी असतो. झिंक फॉस्फाईड खाऊन एखादा उंदीर आजारी पडला व वाचला, तर तो ते आमिष पुन्हा शिवत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिषाची सवय लावावी लागते. याहून गंभीर बाब म्हणजे हे विष पोटात गेल्यास विषारी वायू निर्माण होतो आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष. त्यावर के जीवनसत्त्वाचा उपचार असला तरी तो रुग्णालयातच व्हावयास हवा. फॉस्फरसयुक्त मलम यकृत निकामी करते.

सबब, मुले किंवा पाळीव जनावरे वावरतात अशा घरात पिंजरा वा चाप हाच योग्य मार्ग. विष वापरणे अटळ झाल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने, बिळाच्या आतच ठेवावे. उरलेले विष कुलपात ठेवावे. अन्नाच्या डब्यात वा बाटलीत कदापि काढून ठेवू नये. कोणाच्या पोटात विष गेल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपचारांत वेळ न दवडता वेष्टनासह रुग्णालय गाठावे. मेलेले उंदीर उघड्या हाताने न उचलता खोल पुरावेत. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाने ओल्या करून पुसाव्यात. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून जखमांवाटे शरीरात शिरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा कटू अनुभव घेतला आहे. भातलावणीनंतर ताप व अंगदुखी झाल्यास डॉक्टरांना चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

कुरतडलेली नोट आणि आपली बँक

घरात दडवून ठेवलेली रक्कम उंदराने वा वाळवीने खाल्ली, अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक शाखांना अपरिचित नाहीत. अशा वेळी हताश होऊन तुकडे फेकून देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियम २००९ व त्यातील २०१८ च्या सुधारणेनुसार फाटक्या नोटा बँक शाखेत बदलून मिळू शकतात. ५० रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असल्यास पूर्ण मूल्य, ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे मूल्य मिळते. ४० टक्क्यांहून कमी असल्यास काहीच मिळत नाही. २० रुपये व त्याखालील नोटेचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत असल्यास पूर्ण मूल्य मिळते. अर्थात, कष्टाचा पैसा पेटीच्या तळाशी ठेवण्याऐवजी खात्यात ठेवणे हाच त्यावरील खरा उपाय.

विकावयाचे धान्यही घरातच साठविण्याची सक्ती नाही. २००७ च्या गोदाम कायद्यान्वये नोंदणीकृत गोदामात माल ठेवल्यास मिळणाऱ्या परक्राम्य पावतीवर बँकेकडून कर्ज घेता येते. माल सुरक्षित राहतो आणि पडत्या भावात विकण्याची वेळ येत नाही.

उंदीर पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. आपल्या घरी राहणे त्याला परवडेनासे करणे एवढेच आपल्या हाती आहे. बुजविलेली फट, झाकलेली कोठी, वेळेवर मांडलेला सापळा आणि शेजाऱ्याशी केलेली एकजूट यांचा खर्च फार थोडा आहे. तो मशागतीच्या दिवसांत केला, तर पावसाळ्याच्या रात्री कोठीतून येणारी खुडबुड ऐकत जागे राहण्याची वेळ कोणत्याही गृहिणीवर येणार नाही.