कंटेनरमधलं गणित : इन्स्टॉलर तपासायचा म्हणजे नेमकं काय तपासायचं?

हडपसरला व्याख्यान ठेवलं की एक सोय असते, कंटेनर म्हणजे काय हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. बाहेर सोलापूर रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की दोन-चार तरी दिसतात. आत साखर असो की यंत्राचे सुटे भाग, पेटीचं माप ठरलेलं, कोपऱ्यांवरच्या खाचा ठरलेल्या. त्यामुळे न्हावा-शेव्याच्या क्रेनला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. सॉफ्टवेअरमधल्या कंटेनरचं तत्त्व तेच आहे. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पेटी सगळ्यांच्या हाती आली. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या, सगळं एका पेटीत बंद करायचं आणि कुठल्याही संगणकावर उतरवायचं.

गणिताच्या सॉफ्टवेअरला याची गरज जास्त का? सेजमॅथचं उदाहरण घेऊ. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये ते सुरू केलं. ते एकसंध सॉफ्टवेअर नाही. गटसिद्धांतासाठी गॅप, संख्यासिद्धांतासाठी पारी, कलनासाठी मॅक्झिमा, बहुपदींसाठी सिंग्युलर, असे कितीतरी जुनेजाणते प्रकल्प पायथनच्या धाग्यात ओवलेले आहेत. लिनक्सवर हे जमून जातं. विंडोजवर मात्र कायमच ओढाताण. आधी आख्खं आभासी यंत्र उतरवून घ्यावं लागे. मग २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून सिग्विनवर चालणारा इन्स्टॉलर आला, तोही ९.३ नंतर थांबला. आता सांगतात की विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल ही लिनक्सची सोय चालू करा आणि तिथे बसवा. सांगायला सोपं आहे. पण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, घरात एकच संगणक, परवा प्रात्यक्षिक परीक्षा, तिला हे सांगून पाहा.

म्हणून आम्ही दोघा-तिघांनी ठरवलं की एक छोटा इन्स्टॉलर लिहायचा. दोनदा क्लिक केलं की कंटेनर उतरेल, ब्राउझर उघडेल, समोर वही तयार. लिहायला चार दिवस लागले. तपासायला किती लागले ते विचारू नका!

पहिली गोष्ट कळली ती क्रेनची. पेटी कुठेही जाते हे खरं, पण उतरवायला क्रेन लागते, आणि इथली क्रेन म्हणजे लिनक्सचा गाभा. विंडोज किंवा मॅकवर तो नसतोच. म्हणून डॉकर तिथे आधी एक छोटं लिनक्स यंत्र उभं करतं आणि त्यात कंटेनर चालवतं. त्यासाठी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये चालू असावी लागते. अनेक जुन्या डेस्कटॉपवर ती बंद असते, आणि दिसणारा एरर इतका गूढ असतो की माणूस आपलंच काहीतरी चुकलं असं समजून गप्प बसतो. आमच्या इन्स्टॉलरमध्ये आता ही तपासणी सगळ्यात आधी होते आणि निरोप मराठीत येतो.

दुसरी अडचण नावांची. विंडोजवर वापरकर्त्याच्या नावाचं फोल्डर असतं. आमच्या सगळ्यांच्या संगणकांवर ते एका शब्दाचं, इंग्रजीत. प्रयोगशाळेत एका यंत्रावर नाव आणि आडनाव होतं, मध्ये मोकळी जागा. एका यंत्रावर तर नाव चक्क देवनागरीत. आम्ही पथाभोवती अवतरणचिन्हं टाकलीच नव्हती. मोकळी जागा आली की आज्ञा तिथेच तुटायची. चूक साधी आहे, पण स्वतःच्या यंत्रावर शंभर वेळा तपासूनही ती सापडली नसती.

आता मुख्य मुद्दा. इन्स्टॉलर चालला, ब्राउझर उघडला, म्हणजे झालं का? गणिताचं सॉफ्टवेअर आहे, उत्तर बरोबर आलं पाहिजे. सेजच्या प्रत्येक फलनाबरोबर उदाहरणं आणि त्यांची अपेक्षित उत्तरं लिहिलेली असतात आणि ती आपोआप ताडून पाहता येतात. पण सगळी ताडायला साध्या डेस्कटॉपवर फार वेळ जातो. म्हणून आम्हाला चार-पाच झटपट चाचण्या हव्या होत्या.

पहिली सुचली ती अर्थातच कापरेकरांची. देवळालीचे द. रा. कापरेकर मास्तर आणि त्यांचा ६१७४ हा अंक. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. सुंदर आहे, पण चाचणी म्हणून कुचकामी! संख्या चार आकड्यांच्या पुढे जातच नाही, त्यामुळे तिथे काही मोडायला वावच नाही.

मग भास्कराचार्यांकडे गेलो. क्ष वर्गातून ६१ गुणिले य वर्ग वजा केला तर १ उरावा, असे पूर्णांक शोधा. बीजगणितात त्यांनी चक्रवाल पद्धतीने हे सोडवलं आहे आणि सर्वांत लहान उत्तर आहे क्ष = १,७६,६३,१९,०४९ आणि य = २२,६१,५३,९८०. फर्माने युरोपातल्या गणितज्ञांपुढे ६१ चाच प्रश्न ठेवला तो त्यानंतर पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये. मोठ्या संख्या, नेमकं उत्तर, आम्हाला हवं तसंच. तुलना करायची म्हणून हीच वजाबाकी आम्ही कंटेनरच्या बाहेरही केली, विंडोजवर थेट बसवलेल्या नमपायच्या जुन्या आवृत्तीत. दोन्हीकडे उत्तर आलं १. आम्ही खूश.

आमच्यातल्या एकीने सहज क्ष वर्ग वेगळा छापून पाहिला. कंटेनरमध्ये एकोणीस आकडी संख्या. विंडोजवर १०,३५,५१,९५३. म्हणजे साफ चूक! मग वजाबाकी बरोबर कशी?

इथे जरा थांबू, कारण यात खरी मजा आहे. नमपायच्या २.० च्या आधीच्या आवृत्त्या विंडोजवर पूर्णांक ३२ बिटांत ठेवायच्या, आणि लिनक्सवर, म्हणून कंटेनरमध्येही, ६४ बिटांत. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. क्ष आणि य दोन्ही तिच्या आत आहेत, म्हणून भरताना तक्रार नाही. वर्ग केला की संख्या मावत नाही आणि ॲरे काही न बोलता वरचा भाग टाकून देतो. म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घाताने भागून उरलेली बाकीच तेवढी शिल्लक राहते. घड्याळासारखं, तेरा वाजले की एक. ६१ गुणिले य वर्गाचंही तेच झालं, तिथे १०,३५,५१,९५२ उरले. आणि दोन संख्यांत एकाचा फरक असेल तर त्यांच्या बाक्यांतही एकाचाच फरक दिसणार. समीकरण खरं असल्यामुळेच चूक झाकली गेली! शेष अंकगणित वर्गात शिकवताना आम्ही घड्याळाचं उदाहरण देतो, आणि तेच आमच्यावर उलटलं.

आता चाचणीत वजाबाकीआधी क्ष वर्ग स्वतंत्र ताडला जातो. सेजचे स्वतःचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात, तिथे हा धोका नाही. पण मुलं त्याच वहीत नमपायही वापरतात, आणि कॉलेजमध्ये एक उत्तर, घरी दुसरं, असं झालं तर ती आधी स्वतःवर शंका घेतात.

कंटेनरचा खरा फायदा आम्हाला इथे पटला. बसवणं सोपं होतं हा भाग दुय्यम, दोन्हीकडे एकच गणित चालतं हे मोठं.

तोटाही सांगतो, कारण तो आमच्याच हातून झाला. कंटेनर बंद केला की तो पुसून टाकायचा, असा एक पर्याय डॉकरमध्ये असतो. जागा वाचते म्हणून आम्ही तो लावला. बाहेरचं फोल्डर आत जोडायचं मात्र राहून गेलं. चाचणीला आलेल्या एका विद्यार्थ्याने दोन तास बसून मॅट्रिक्सची उदाहरणं सोडवली, वही सेव्ह केली, खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. त्याने ‘सेव्ह’ दाबलं होतं, त्याचं काय चुकलं? आता इन्स्टॉलर डॉक्युमेंट्समध्ये फोल्डर बनवतो, ते जोडल्याशिवाय कंटेनर सुरूच करत नाही, आणि चाचणीत एक फाईल लिहून, कंटेनर पुसून, पुन्हा सुरू करून ती फाईल आहे ना हे पाहतो. तो विद्यार्थी पुढच्या फेरीला आला, आणि वही आधी स्वतःला मेल करून मगच खिडकी बंद केली.

प्रयोगशाळेत बसवणाऱ्यांसाठी थोडं. तीस यंत्रांवर एकदम डाउनलोड लावू नका. सगळी एकाच आयपी पत्त्यावरून जातात आणि डॉकर हबवर त्याला मर्यादा आहे. एकदाच उतरवा, डॉकर सेव्हने त्याची फाईल करा, पेनड्राइव्हवरून प्रत्येक यंत्रावर लोड करा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या.

आणि ज्यांच्या घरच्या संगणकात चारच जीबी मेमरी आहे त्यांना आम्ही इन्स्टॉलर देतच नाही. त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं सेजसेल आहे, फक्त नेट लागतं. काढून टाकण्याची चाचणी अजून बाकी आहे. विंडोजवर इमेज पुसली तरी डॉकरची डिस्क-फाईल आपोआप लहान होत नाही, सी ड्राइव्ह तसाच भरलेला दिसतो. त्यावर काम चालू आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.