तीन स्प्रिंगांची ओढ

संध्याकाळी मानखुर्दच्या टी जंक्शनला सिग्नल लाल झाला की सायन-पनवेल महामार्गावरची वाहनं नाइलाजाने थबकतात. माझी स्कूटर तेवढी थबकायला तयार नव्हती. मूठ पूर्ण सोडली तरी गाडी मुंगीच्या पावलाने पुढच्या रिक्षाला भिडायला निघायची. ब्रेक दाबून धरला की मागच्या चाकापाशी खरखर व्हायची. मिस्त्रीने नुसतं ऐकून सांगितलं, "क्लचच्या स्प्रिंगा बसल्यात." बसल्यात म्हणजे तुटलेल्या नाहीत, ताण गमावून ढिल्या पडल्यात. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि त्या स्वतःच बदलायला बसलो.

१९७२ साली आलेल्या बजाज चेतकला क्लच डाव्या मुठीत होता. इंजिन चाकाला कधी जोडायचं आणि कधी सोडायचं, हे चालवणाऱ्याचा पंजा ठरवायचा. १९८४ साली पुण्याच्या किनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि बिनगिअरची किनेटिक होंडा आली. तिच्या मुठीतून क्लच गेला, पण गाडीत तो होताच. पंजाचं काम आता इंजिनाच्या कव्हरआड बसलेल्या करंगळीएवढ्या स्प्रिंगा करू लागल्या. आजच्या पेट्रोल स्कूटरमध्येही तेच चालतं.

डाव्या बाजूचं कव्हर काढताना बोल्ट कमी-जास्त लांबीचे निघतात. म्हणून ते त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले. आत पुढे व्हेरिएटर, म्हणजे इंजिनाकडची पुली, मधे बेल्ट आणि मागे दुसरी पुली नि तिच्यावरचा क्लच. क्लचवर पोलादी वाडगं उपडं घातलेलं असतं. मिस्त्री त्याला बेल म्हणतात, आणि मागचं चाक गिअरमार्फत याच बेलला जोडलेलं असतं. बेलच्या आत तीन वक्र शू असतात. प्रत्येकाचं एक टोक पिनेवर अडकवलेलं, पाठीवर घर्षणाचं अस्तर. शेजारच्या दोन शूंना एक अशा तीन स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात.

गोफण फिरवली की दोरी हाताला ओढ देते, कारण दगडाला सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला वळवत असते. इथे दगडाच्या जागी शू आहे आणि दोरीच्या जागी स्प्रिंग. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले, तर ओढ चौपट. इंजिन रिकामं गुरगुरताना मिनिटाला साधारण १,७०० फेरे घेतं. बेल्टमुळे क्लच त्याहून हळू फिरतो, पण सुरुवातीला हे प्रमाण कायम असतं. मूठ पिळून इंजिन ३,००० वर नेलं की शूंची ओढ तिपटीहून जास्त होते.

स्प्रिंगेचा हिशेब मात्र सरळ रेषेतला. जितकी ताणावी तितका तिचा जोर, हे रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलं. शूला बेलपर्यंत पोचायला जेमतेम सरकावं लागतं, त्यामुळे स्प्रिंगेचा जोर फारसा वाढत नाही आणि शूंची ओढ झपाट्याने पुढे निघून जाते. ज्या फेऱ्यांना ती स्प्रिंगेवर मात करते, त्याच क्षणी अस्तर बेलला घासतं, मग घट्ट धरतं आणि गाडी निघते. स्प्रिंगा ढिल्या पडल्या की हा क्षण अलीकडे येतो. माझ्या गाडीत तो इतका अलीकडे आला होता की सिग्नलला उभं असतानाही शू बेलला चाटत होते.

बेल काढली आणि कारण दिसलं. आतल्या कडेला मोराच्या गळ्यासारखा निळा पट्टा उमटला होता. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. त्याच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळून हा रंग दिसतो, पावसाळ्यात डबक्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा. चेंबूर-वाशीच्या गर्दीत गाडी तासन्‌तास अर्धवट धरलेल्या क्लचवर सरकते. बेल तापते, तशा शेजारच्या स्प्रिंगाही. ताणलेली तार वारंवार तापली की तिच्या धातूतले थर किंचित घसरतात आणि ती मूळ लांबीवर परत येत नाही. ढिली स्प्रिंग जास्त घासू देते, घासण्याने उष्णता वाढते आणि स्प्रिंग आणखी ढिली पडते.

मागची पुली हाताने फाकवून बेल्ट सैल केला आणि क्लच बाहेर ओढला. त्याच्या मधोमध एक मोठा नट असतो. त्याच्यामागे जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि नट बेसावधपणे सोडला तर ती तोंडावर उसळते. लहान स्प्रिंगांसाठी त्या नटाला हात लावायची गरजच नाही. लॉक काढून वरची पट्टी उचलली आणि चष्मा लावून टोकदार पकडीने आकडे सोडवले. जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी ठेवली. नवीचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले, जुनीच्या वेढ्यांमधून उजेड दिसत होता.

तिन्ही एकदम बदलायच्या. एकच नवी घातली तर शू वेगवेगळ्या वेळी बेलला लागतात आणि निघताना गाडी थरथरते. काही हौशी मुलं पिकअपसाठी मुद्दाम कडक स्प्रिंगा घालतात. त्यांची गाडी झेप घेते खरी, पण क्लच जास्त फेऱ्यांवर धरतो. तोवर इंजिन उगाच फिरतं आणि गर्दीत पेट्रोल जास्त जातं.

शेवटी धूळ न फुंकता ओल्या फडक्याने पुसून घेतली, अस्तराला ग्रीसचा हात लागू दिला नाही आणि कव्हर बसवलं. सोमवारी टी जंक्शनला सिग्नल लाल झाला. मूठ सोडली, मग हळूच ब्रेकही सोडला. इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी जागची हलली नाही.