शेजार असलेला स्टुडिओ

कलाकारासाठी काही करायचं म्हटलं की आपण पुरस्कार देतो, नाहीतर प्रदर्शनाला हॉल देतो. त्याच्या रोजच्या कामाला जागा लागते आणि त्या जागेला शेजार लागतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मुंबईच्या वॉर्डन रोडवर, समुद्राच्या काठी असलेल्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटनं मात्र ते ओळखलं होतं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांची बाजू लाल किल्ल्यातल्या खटल्यात लढवणारे भुलाभाई देसाई १९४६ साली वारले. त्यांच्या सूनबाई मधुरी देसाई यांनी त्यांच्या नावानं संस्था काढली आणि सोली बाटलीवाला यांच्या साथीनं ती चालवली. पन्नास आणि साठच्या दशकांत इथल्या खोल्या कलाकारांना नाममात्र भाड्यानं मिळत. हुसेन, गायतोंडे हे चित्रकार इथं रंगवत. रविशंकरांनी १९६२ साली काढलेली ‘किन्नरा’ संगीतशाळा इथली, अल्काझींची ‘थिएटर युनिट’ ही नाट्यसंस्था इथं वावरलेली, आणि मराठी रंगभूमीची वाट बदलणाऱ्या विजया मेहतांच्या ‘रंगायन’लाही इथलाच आसरा. ती वास्तू आता उरलेली नाही.

तिथलं भाडं कमी होतं, हे महत्त्वाचं होतंच. पण भाड्यापेक्षा मोठी गोष्ट तिथला शेजार होता, असं माझं मत आहे. चित्रकार नलिनी मलानी जे. जे. कलाशाळेत शिकत असतानाच, १९६४ ते १९६७, त्यांचा स्टुडिओ या इमारतीत होता. चित्रकलेच्या विद्यार्थिनीला भिंतीपलीकडे नट, नर्तक, वादक भेटत होते. पुढे १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईतच ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभं केलं. चित्रकार आणि चित्रपटवाले यांना साधनं एकत्र वापरता यावीत, हा त्यामागचा विचार. मलानी तिथं गेल्या आणि फोटोग्राफी, फिल्म यांच्याकडे वळल्या. कॅमेरा किंवा छपाईचं यंत्र एकट्या तरुण कलाकाराला विकत घेणं परवडत नाही. सामायिक असलं की ते हाताशी येतं, आणि हाताशी आलं की चित्राची कल्पनाच बदलते.

कला एकांतात घडते, असा आक्षेप यावर येईल, आणि आमच्या खानदेशात तर त्याला चाळीसगावच्या केकी मूस यांचा दाखलाच आहे. आयुष्याचा मोठा काळ घराबाहेर न पडता त्यांनी केलेली छायाचित्रं आजही थक्क करतात. पण मूस यांच्याकडे स्वतःचं घर होतं, स्टुडिओ होता. ज्याच्याकडे ते नाही, त्याला एकांत कोण देणार? शिवाय गायतोंडे तर एकांतप्रियतेसाठीच ओळखले जातात, तरी ते भुलाभाईत रमले. चित्रकार नसरीन मोहमदी यांचाही स्टुडिओ तिथंच होता. दार लावून घेण्याची मुभा असली की शेजार एकांताच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हे मुंबईला जमलं, आणि तेही एका घराण्याच्या औदार्यावर. म्हणूनच दिल्लीतल्या गढीकडे पाहावं. शहरानं पोटात घेतलेल्या त्या गावात ललित कला अकादमीनं १९७६ साली स्टुडिओ काढले. तिथं शिल्प, सिरॅमिक्स, मुद्राचित्रण यांच्या सामायिक कार्यशाळा आहेत. आमचं पिंप्राळाही जळगाव शहरानं असंच पोटात घेतलेलं गाव, म्हणून असे स्टुडिओ इथंही होऊ शकतात. आषाढी एकादशीला इथं रथ निघतो, तेव्हा शेकडो हातांना एकच वस्तू सांभाळण्याची सवय आहे हे दिसतं. जळगावच्या एमआयडीसीत चटया आणि पाइप बनतात, वेल्डर आणि साचेकार आहेत. शिल्पकाराला लागणारं निम्मं कौशल्य त्यांच्याकडे तयार आहे. उणीव आहे ती एका शेडची. अशी शेड महापालिकेनं द्यायची ठरवली, तर आधी थ्री-फेज वीज, उंच छत आणि टेम्पो आत येईल एवढं दार पाहावं, आणि करार एखाद्या पदाधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता लांब मुदतीचा करावा. प्रदर्शनाचं दालन नंतर बांधता येईल.