हातावरच्या शिरा काढाव्यात का?

सिंगापूरला मुलांकडे राहणारे आपले ज्येष्ठ आम्हाला विचारतात, पायाच्या फुगलेल्या शिरा लहान शस्त्रक्रियेने काढतात, तशा हातावरच्या काढता येतात का? येतात, पण घाई करू नये.

स्वित्झर्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट म्युलर यांनी १९५६ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. शिरेभोवतीचा भाग बधिर करून एक ते तीन मिलिमीटरचे छेद देतात आणि बारीक आकड्याने शीर ओढून काढतात. टाके बहुधा लागत नाहीत. पट्टी बांधून रोगी त्याच दिवशी घरी जातो. पाऊल, हात, डोळ्यांभोवतीचा भाग व कानशील येथील शिरांसाठीही ती वापरतात.

पायाच्या शिरा फुगतात, कारण त्यांतील झडपा बिघडतात. हाताचे तसे नसते. वयाप्रमाणे कातडी पातळ होते, चरबी झडते आणि निरोगी शिरा वर दिसतात. याच शिरांतून सलाईन देतात, रक्त काढतात. मधुमेहाने मूत्रपिंडे थकली, तर डायलिसिससाठी हाताचीच शीर धमनीला जोडतात. म्हणून मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्या जपाव्यात.

काही शिरा मात्र आतल्या आजाराची खूण असतात. पोटावर नव्याने शिरा उठल्या, तर यकृत तपासावे. एकच हात सुजून शिरा फुगल्या, तर आत गुठळी असू शकते. कानशिलावरची रक्तवाहिनी जाड व दुखरी झाली, डोके दुखू लागले, चावताना जबडा दुखला, तर ती शीर नसून सुजलेली धमनी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला सिंगापुरात मेडिसेव्हचे पैसे वापरता येत नाहीत, हेही ध्यानात असावे. तेफिलिन बांधायच्या हाताला पट्टी येणार असेल, तर वॉटरलू स्ट्रीटवरील मागेन अबोथ सिनेगॉगला जाणाऱ्यांनी तेथील रब्बींना आधीच विचारावे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर अशाच शिरा होत्या, आणि त्याच हातांनी त्यांनी आपल्याला आशीर्वाद दिले. त्रास नसेल, तर त्या तशाच राहू द्याव्यात, असे आम्हाला वाटते.