न्यूरोसायन्सची डिग्री नाही, मग?

धाडच्या एका बारावीतल्या मुलीने विचारलं, "दादा, न्यूरोसायन्समध्ये बीएस्सी करायचंय, पण बुलढाण्यात तर कुठेच नाही." बुलढाण्यातच काय, आपल्याकडे त्या नावाची बीएस्सी शोधूनच काढावी लागते. त्यासाठी कर्ज काढून लांब जायचं का, हा तिच्या घरातला खरा वाद.

मुंबईच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य बघा. भावनांशी जोडलेल्या मेंदूतल्या मार्गांवरच्या कामासाठी त्यांना २०२२ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं. त्यांची पदवी मात्र सेंट झेवियर्समधली, लाइफ सायन्स आणि बायोकेमिस्ट्रीची. न्यूरोसायन्स आलं ते पुढे, येल विद्यापीठात पीएचडीला.

हे चालतं, कारण या विषयाचा पाया दुसऱ्या विषयांतच आहे. बारावीच्या केमिस्ट्रीत नर्न्स्टचं समीकरण आहे ना? चेतापेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोलर, बाहेर ५. शरीराचं तापमान घालून गणित करा, सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट येतं. प्रत्यक्ष मोजलं तर बऱ्याच चेतापेशींत उणे ७० च्या आसपास. मधला फरक का? थोडं सोडियम आत झिरपतं म्हणून. सेलच्या गणितापुरतं पाठ केलेलं समीकरण इथे मेंदूचं होतं.

आणि प्रश्न शोधायला परदेशी जावं लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम बंद पाडतात. संदेश थांबतच नाही: तोंडाला लाळ, बाहुल्या बारीक, स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात, त्याने लाळ आटते, पण स्नायूंची ताकद परत येत नाही. कारण ग्रंथींवरचे आणि स्नायूंवरचे रिसेप्टर वेगवेगळे, ॲट्रोपिन पहिल्यांनाच अडवतं. फवारणीचा पंप ज्याच्या घरात आहे त्याला हा धडा वेगळा समजवावा लागत नाही.

आता कामाचं. बायो ग्रुप घेतला म्हणून गणित सोडलंत, तर पुढे अडेल (मी सोडलं होतं, पीएचडीच्या पहिल्या वर्षी रडलो). पुण्याच्या आयसरला बारावीनंतरच पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, त्याच्या प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचे असतात. ते जमलं नाही तर जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र-रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करा. तिथून मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात न्यूरोसायन्सचं एमएस्सी आहे, टीआयएफआरला थेट इंटिग्रेटेड पीएचडीची परीक्षाही देता येते. दोन्हीकडे मुलाखतीत विचारतात ते "हे असं का होतं?" डिग्रीवर काय छापलंय, त्यावर गाडी फार वेळ थांबत नाही.

त्या मुलीला मी बीएस्सीला बुलढाण्यातच राहा म्हटलं, आणि नर्न्स्टचं ते गणित सोडियमसाठी करून पाठव असं सांगितलं. बाहेर १४५, आत १२. उत्तर अधिक चिन्हाचं यायला हवं.